दहावीचे टक्के, स्वभाव, कविता आणि ११८

इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय: "मॅडम, दहावीला ९४ टक्के होते (२०२१ ची बॅच), आता सीजीपीए ८.१ आहे. एमबीटीआय या स्वभावचाचणीत आयएनटीपी येतो. कविता करतो, डिजिटल चित्रं काढतो. यावरून माझा आयक्यू साधारण किती असेल? मित्र म्हणतात १३५ च्या खाली नसणार. एका साइटवर १३८ आला, पण सर्टिफिकेटसाठी ४९९ रुपये मागतायत."

शेवटचं आधी निकालात काढू. ते ४९९ रुपये देऊ नकोस. त्यात चौघांची मिसळ होते.

आता मुख्य प्रश्न. अशा प्रश्नाला आमच्या धंद्यातले लोक बहुतेक वेळा "असं सांगता येत नाही" म्हणून हात झटकतात. मी आकडा देते: ११८. पण तो कसा आला हे वाचल्याशिवाय मित्रांना सांगायला पळू नकोस, कारण त्याच्यासोबत एक शेपूट आहे आणि ते आकड्यापेक्षा लांब आहे.

मी बावीस वर्षं बुद्धिमत्ता चाचण्या घेते, बहुतेक शाळकरी मुलांच्या. सुरुवातीला मला एक खोड होती. मूल समोर येऊन बसलं, आईवडिलांशी दहा मिनिटं बोलणं झालं, प्रगतिपुस्तक चाळलं, की चाचणीची पेटी उघडायच्या आधी मी नोंदपत्रिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक आकडा लिहायचे. माझा अंदाज. चाचणी झाली, गुण काढले, की तो खरा आकडा आणि हा कोपऱ्यातला आकडा ताडून बघायचा. वाटलं होतं, वर्षभरात हात बसेल. भाजीवाल्याला नाही का, पिशवी हातात घेतली की अर्धा किलो कळतो, तसं.

हात बसला नाही. उलट माझ्या चुकांना एक वळण आहे हे दिसायला लागलं. घडाघडा बोलणारं मूल मी दहा-पंधरा गुण वर लिहायचे. शुद्ध, पुस्तकी मराठी किंवा इंग्रजी बोलणारं आणखी वर. "म्या न्हाय केलं" म्हणणारं खाली. चष्मा असला की वर. आई शिक्षिका असली की वर. हे सगळं मी ठरवून करत नव्हते, आणि तरीही करत होते. स्वतःबद्दल हे कळणं सुखाचं नव्हतं.

ती खोड एका मुलानं मोडली. सातवीतला होता. वर्गशिक्षकांनी चिठ्ठी दिली होती, "आकलन कमी, वर्गात लक्ष नाही". मराठी आणि इंग्रजी दोन्हींत नापास. वडील टेम्पो चालवायचे, मुलाकडे न बघता माझ्याशी बोलत होते. मुलगा चपलेच्या अंगठ्याशी खेळत खाली बघत होता. मी कोपऱ्यात ८२ लिहिलं.

चाचणीत एक भाग लाल-पांढऱ्या ठोकळ्यांचा असतो. चित्र दाखवायचं आणि तशी नक्षी ठोकळ्यांनी जुळवायची. (नेमकी चित्रं सांगणार नाही. ती फुटली की चाचणी वाया जाते.) बहुतेक मुलं लगेच हात घालतात, जुळवतात, मोडतात, परत जुळवतात. हा मुलगा हात मांडीवर ठेवून चित्राकडे बघत बसला. मी घड्याळाकडे बघत होते. मनात म्हटलं, झालं, अडला. मग त्यानं अर्धा लाल अर्धा पांढरा असलेले चार ठोकळे एकदम वेगळे काढले, कोपऱ्यांत ठेवले, आणि मधली जागा एकाही चुकीशिवाय भरून टाकली. नऊ ठोकळ्यांची नक्षी, जिथे मोठी माणसंसुद्धा वैतागतात. पुढची त्याहून लवकर. वडील पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बघायला लागले.

त्याचा भाषेव्यतिरिक्तच्या भागाचा गुणांक १२० च्या पुढे गेला. तोंडी विचारलेल्या प्रश्नांतही तो चांगला होता. वाचायला दिलं तेव्हा मात्र जोडाक्षराजवळ थांबला, "प्रश्न"चं "परसन" झालं, ओळ सुटली, कपाळाला घाम आला. त्याला वाचनाची अध्ययन अक्षमता होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आता स्पष्टपणे मोडते आणि बोर्डाच्या परीक्षेत तिच्यासाठी जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. पण त्याच्या शाळेच्या लेखी तो "ढ" होता. (ब्राह्मी लिपीपासून आजवर ढ या अक्षराचं वळण बदललंच नाही, म्हणून न सुधारणाऱ्याला ढ म्हणतात, असं म्हणे. मला त्या अक्षराची दया येते.)

त्या दिवशी मी ८२ खोडरबरानं पुसलं नाही, तसंच ठेवलं. पुढे कोपऱ्यात लिहिणं मात्र बंद केलं.

ही फजिती माझी एकटीची नाही, हा आमच्या विषयाचा जन्मदोषच आहे. ज्या आल्फ्रेड बिनेनं १९०५ मध्ये पॅरिसमध्ये सहकारी सिमोनसोबत पहिली उपयोगी बुद्धिमत्ता चाचणी बनवली, त्यानं त्याआधी काय केलं होतं माहीत आहे? शिक्षकांनी निवडलेल्या हुशार आणि मागे पडलेल्या मुलांची डोकी मोजली होती. फरक निघाला तो मिलिमीटरांत, आणि त्यातही मोजणाऱ्याच्या मनात आधीच बसलेलं मत आकड्यांत उतरतंय की काय, अशी शंका त्याला स्वतःलाच आली. पुढे त्यानं हस्ताक्षरावरून बुद्धी ओळखता येते का, हेही तपासलं. अशा बाहेरून बघून ओळखायच्या वाटा चोखाळता चोखाळताच तो माणूस "मुलाला प्रश्न विचारून बघू" इथे पोहोचला.

१९२० मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकनं अमेरिकी सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य, सगळ्यांचे शेरे एकमेकांशी नको तितके जुळत होते. ज्याची छाती रुंद, तो बुद्धीनंही वर. आपल्याकडे "दिसतोच हुशार" म्हणतात, त्यातला प्रकार.

हुशार या शब्दाचंच बघ ना. आजी म्हणायची, "काढा प्याल्यावर जरा हुशारी आली." म्हणजे तरतरी. व्यवहारात हुशार म्हणजे सावध, फसत नाही असा. आणि शाळेत हुशार म्हणजे मार्क पडणारा. तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात बसल्यात, आणि शाळेच्या बारा-पंधरा वर्षांत तिसरी बाकीच्या दोघींना खाऊन टाकते. तू मला जेव्हा आयक्यू विचारतोस, तेव्हा माझी खात्री आहे, तुझ्या डोक्यात ९४ टक्के आधी येतात.

तर आधी मार्कच घेऊ.

मार्क आणि बुद्धिमत्ता यांचा संबंध खरा आहे, आणि तू दिलेल्या तीन धाग्यांतला सगळ्यांत मजबूत आहे. सहसंबंध उणे १ ते अधिक १ असा मोजतात (उणे म्हणजे नातं उलटं). ० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे एक कळलं की दुसरं तंतोतंत कळलं. शालेय गुण आणि चाचणीचा गुणांक यांच्यात अनेक अभ्यास एकत्र केले की तो साधारण ०.५ च्या आसपास येतो. इंग्लंडमध्ये ७० हजारांहून जास्त मुलांची अकराव्या वर्षीची चाचणी आणि सोळाव्या वर्षीचे परीक्षेतले गुण ताडून बघितले गेले, २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथे हा आकडा ०.८ पर्यंत गेला. पण तिथे सगळ्या देशाला एकच पद्धतीची परीक्षा होती, आणि अनेक विषयांतून आणि चाचण्यांतून जे समान निघतं तेवढंच वेगळं काढून ताडलं होतं. एका मुलाच्या एका मार्कशीटला ती ऐट नसते.

आणि तुझी मार्कशीट २०२१ ची. त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षा झालीच नाही. नववीच्या गुणांना ५० टक्के वजन, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाला २०, असा हिशेब करून निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के होता. ९० टक्क्यांच्या वर एक लाखाहून जास्त मुलं होती. तुझा अभ्यास खोटा होता असं म्हणायचं नाही मला. पण फूटपट्टीच्या वरच्या टोकाला जेव्हा एवढी गर्दी होते, तेव्हा ती फूटपट्टी तिथल्या मुलांमधला फरक सांगायचं सोडून देते. नेहमीच्या वर्षीही थोडंफार तेच. बेस्ट ऑफ फाइव्ह, तोंडी परीक्षेचे वीस, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे वाढीव गुण, खेळाचे गुण. २०२५ मध्ये दोनशेहून जास्त मुलांना १०० टक्के पडले. त्या सगळ्यांची बुद्धी सारखी आहे असं कुणीच म्हणणार नाही.

सीजीपीएबद्दल वेगळी अडचण आहे. बागेत पडलेल्या आंब्यांच्या राशीत आकारावरून थोडंफार काही कळतं. पण प्रतवारी करून भरलेल्या पेटीत सगळी फळं सारख्या आकाराची, तिथे आकारावरून गोडी सांगता येत नाही. तुमचा वर्ग ही अशी पेटी आहे. सीईटीनं आधीच चाळण मारलीय. त्यामुळे वर्गातला ८.१ आणि ७.४ यांच्यातला फरक बुद्धीबद्दल फार कमी बोलतो. सबमिशन वेळेवर गेलं का, मॅथ्स-थ्री कुणी शिकवलं, हॉस्टेलवर झोप किती झाली, याबद्दल जास्त.

मार्कांत आणखी काय काय असतं, हे मला एका मुलीनं शिकवलं. नववीतली, दरवर्षी ९६-९७ टक्के. वडिलांना प्रमाणपत्र हवं होतं, "एकशेचाळीस तरी येईल" म्हणाले. आले ११२. ते रागावले, चाचणी चुकली म्हणाले, मुलगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, तुझी वही दाखव. इतिहासाची होती. प्रत्येक धड्याचे तीन कच्चे आराखडे, सनावळी लाल शाईनं, चुकलेली उत्तरं पुन्हा लिहिलेली, शेवटी तारीख आणि "उजळणी २", "उजळणी ३". पहाटे पाचला उठायची, कुणी न उठवता. ११२ म्हणजे तिच्या वयाच्या शंभरांतल्या एकोणऐंशी जणांच्या वर. उत्तमच. पण तिला वर्गात पहिली आणणारी गोष्ट ठोकळ्यांत आणि आकड्यांच्या माळेत मोजली जात नव्हती. आमच्या शास्त्रात तिला नेटकेपणा म्हणू, कष्टाळूपणा म्हणू. वडिलांना मी म्हटलं, हे ११२ ज्या मुलीचे आहेत तिच्या मागे लागायची गरज नाही, तिच्या वाटेतून बाजूला व्हा. आवडलं नाही त्यांना.

इथूनच स्वभावाकडे जाऊ. आयएनटीपी. या चार अक्षरांवर माझा फार जीव नाही. कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ युंगच्या कल्पनांवरून ही प्रश्नावली रचली. दोघीही मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. तोही गुन्हा नाही म्हणा. पण ती माणसाला मधोमध कापते: ५१ टक्के इकडे असलास तरी अंतर्मुख आणि ९५ टक्के असलास तरी अंतर्मुख. महिन्यानं पुन्हा भरली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर उलटतं. "आयएनटीपीचा आयक्यू सगळ्यांत जास्त" अशा याद्या फिरतात, त्यांतली माणसं स्वतःहून इंटरनेटवर चाचण्या भरणारी असतात. व्यायामशाळेच्या दारात उभं राहून महाराष्ट्राच्या दंडाचा सरासरी घेर मोजण्यातला प्रकार.

संशोधनात स्वभावाचे पाच मोठे पैलू धरतात. त्यातला एकच बुद्धिमत्तेशी बऱ्यापैकी जुळतो: नव्या अनुभवांबद्दलचा, कल्पनांबद्दलचा खुलेपणा. सहसंबंध साधारण ०.२ ते ०.३. त्यातही कल्पनांशी झटापट करायची आवड हा भाग जास्त जुळतो, कलेची आवड कमी. नेटकेपणाचा बुद्धीशी संबंध जवळजवळ शून्य, कधी कधी किंचित उलटासुद्धा. पण गुणांशी मात्र चांगला. म्हणजे आपण मार्कांवरून बुद्धी ओळखायला जातो, तेव्हा वाटेत हा नेटकेपणा गुपचूप आपल्या पिशवीत येऊन बसतो. त्या मुलीच्या वहीसारखा. चिंताळूपणाचा संबंध किंचित उलटा, आणि त्यातला काही भाग तर निव्वळ चाचणीच्या वेळी हात थरथरल्याचा असतो. अबोलपणा किंवा बडबडेपणा यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. माझ्या पेन्सिलीनं मात्र सगळ्यांत जास्त याच्यावरच भरवसा ठेवला होता.

"तो फारसा बोलत नाही, एकटाच असतो, म्हणजे डोकं असणार" हेही तितकंच पोकळ. काही मुलं गप्प असतात कारण ती विचार करत असतात. काही गप्प असतात कारण त्यांना जेवायचं असतं.

सर्जनशीलतेबद्दल मला जरा पाल्हाळ लावू दे, कारण इथे गंमत आहे.

जे. पी. गिलफर्डनं १९५० मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून भाषण केलं, त्यात मानसशास्त्रानं सर्जनशीलतेकडे दुर्लक्ष केलंय अशी तक्रार होती. बुद्धीचे अनेक स्वतंत्र घटक मांडणारं त्याचं प्रतिमान पुढे आपल्याकडे पुण्यात ज्ञान प्रबोधिनीनं मनावर घेतलं आणि त्या धर्तीवर चाचण्या बसवल्या. गिलफर्डच्या नावाशी जोडलेला एक प्रश्नप्रकार आजही सगळीकडे चालतो: एखाद्या साध्या वस्तूचे जितके सुचतील तितके उपयोग सांगा. वीट हे त्याचं ठरलेलं उदाहरण.

मी एकदा पाचवी-सहावीच्या मुलांना हा खेळ दिला. कुठल्या चाचणीचा भाग म्हणून नव्हे, सुट्टीतल्या शिबिरात. उत्तरं आली: घर बांधायला, चूल मांडायला, ट्रकच्या चाकाखाली लावायला, दाराला अडसर म्हणून, स्टंप म्हणून (हे बहुतेक सगळ्या मुलांचं), कुंडीखाली. आणि एक मुलगी शांतपणे म्हणाली, "विठोबाला उभं राहायला."

मी हसले, वर्ग हसला. पण संध्याकाळी कागद तपासायला बसले तेव्हा अडले. या प्रकारात नावीन्याचे गुण देताना उत्तर किती दुर्मिळ आहे ते बघतात. परदेशातल्या मुलांच्या उत्तरांवरून केलेली यादी घेतली तर हे उत्तर अद्वितीय, पूर्ण गुण. पंढरपूरच्या शाळेत हाच प्रश्न विचारला तर निम्मा वर्ग हेच लिहील, शून्य गुण. आणि खरं सांगायचं तर त्या मुलीला ते "सुचलं" की रोज देवघरात बघते म्हणून आठवलं, हे तरी कुठे कळतं? दोन्हींत फरक आहे. कागदावर तो दिसत नाही.

म्हणून सर्जनशीलतेच्या चाचण्या आणि बुद्धिमत्ता यांचा सहसंबंध अनेक अभ्यासांच्या सरासरीत जेमतेम ०.२ च्या आसपास येतो याचं मला आश्चर्य वाटत नाही. १२० पर्यंत बुद्धी लागते, त्यापुढे फरक पडत नाही, असा एक सिद्धांत बरीच वर्षं फिरतोय. पुरावे दोन्हीकडचे आहेत, त्यावर मी पैज लावणार नाही. पण तुझ्या कवितांवरून तुझा आयक्यू सांगायला मला कुणी बसवलं, तर मी कविता वाचेन, चांगली असली तर तसं सांगेन, आणि आकड्याचा रकाना जवळजवळ होता तसाच ठेवेन.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण आहे. मानसशास्त्रज्ञ टर्मननं १९२१ पासून कॅलिफोर्नियात अतिशय वरच्या आयक्यूची दीड हजारांवर मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. निवडीच्या चाचणीत न बसलेल्या दोन मुलांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं: विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही.

आता तुझं गणित. वहीत करून बघ, इंजिनिअर आहेस.

आयक्यूची सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५. दहावीत तू राज्यातल्या वरच्या दोन-अडीच टक्क्यांत होतास असं उदारपणे धरते. म्हणजे सरासरीच्या २ विचलनं वर. सहसंबंध ०.५ असेल तर अंदाज तितका वर जात नाही, त्याच्या निम्मा जातो: १०० + ०.५ × २ × १५ = ११५. हा सरासरीकडचा ओढा लोक विसरतात. मार्कांत वरच्या अडीच टक्क्यांत म्हणजे बुद्धीतही वरच्या अडीच टक्क्यांत, म्हणजे १३०, असं धरून बसतात. तुझे मित्र इथेच घसरलेत.

मग त्या अंदाजात चूक किती असू शकते? १५ × √(१ − ०.२५) = १३. शंभरांतल्या पंचाण्णव वेळा खरा आकडा कुठे असेल ते बघायचं तर दोन्हीकडे याच्या साधारण दुप्पट जायचं. ११५ अधिक-उणे २५. म्हणजे ९० ते १४०.

त्यात तुझा खुलेपणा आणि कविता-चित्रं घालू. हे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत, नुसती बेरीज करता येत नाही, पण ढोबळ मानानं तीनेक गुण वर आणि एकूण सहसंबंध ०.५५ धरते. अंदाज ११८, चूक साडेबारा. ९४ ते १४२.

हे शेपूट. याचा अर्थ असा की तू सरासरीच्या किंचित खाली असू शकतोस किंवा चारशेंत एक असू शकतोस, आणि तू दिलेली सगळी माहिती दोन्हींशी जुळते. तुझ्याबद्दल काहीच माहीत नसतं तर मी १०० म्हटलं असतं, ७१ ते १२९. तीन धागे, इतकी चर्चा, आणि पट्टा ५८ वरून ४८ वर आला. १३५ च्या वर असण्याची शक्यता शंभरांत आठ-नऊ. शून्य नाही. पण "खाली नसणार" म्हणायला पुरेशी नाही.

"मला स्वतःला आतून वाटतं" हा चौथा धागा तू दिला नाहीस, पण डोक्यात असेलच. स्वतःबद्दलचा अंदाज आणि चाचणी यांचा सहसंबंध साधारण ०.३. त्यात मुलगे स्वतःला वर धरतात, मुली खाली, आणि आईबापही मुलाला वर, मुलीला खाली. अनेक देशांतल्या अभ्यासांत हे दिसलंय. माझ्या खोलीत तर दर आठवड्याला दिसतं. "हा अभ्यास करत नाही पण डोकं आहे" हे वाक्य मुलांबद्दल येतं. "ही अभ्यास करते म्हणून मार्क आहेत" हे मुलींबद्दल.

मग चाचणीशिवाय काहीच कळत नाही का? थोडं कळतं, पण बघायचं ठिकाण वेगळं. माणसाला आधीच काय येतं त्यापेक्षा, पूर्वी कधीच न पाहिलेली गोष्ट त्याच्या पदरी टाकल्यावर तो काय करतो ते बघ. माझ्या माहेरी सुट्टीत मेंढीकोट चालायचा. नवीन पाहुण्याला नियम एकदाच सांगायचे. काही जण आठ डावांनंतरही "आता काय टाकू?" विचारायचे. काही जण दुसऱ्या डावात समोरच्यानं बदाम का लपवला ते ओळखायचे, आणि त्यांतली एक आत्या चौथी शिकलेली होती. ती हिशेब तोंडी करायची, सही मात्र जपून, एकेक अक्षर कोरल्यासारखी. तिच्या मार्कांवरून अंदाज करायला मार्कच नव्हते.

दुसरी गोष्ट, माणूस चुकल्यावर काय करतो. ठोकळे चुकले की काही मुलं तेच तेच परत करतात, जरा जोरात. काही थांबतात आणि नेमकं कुठे बिघडलं तेवढंच सोडवतात. हे बघायला मला अजूनही आवडतं. पण यावरूनही मी आकडा काढत नाही. तेवढं शिकलेय.

खरोखरच आकडा हवा असेल तर प्रशिक्षित माणसाकडून समोरासमोर चाचणी करून घे. तुझ्या वयाला वेक्स्लरची प्रौढांसाठीची चाचणी असते, तास-दीड तास लागतो. लहान मुलांसाठी आपल्याकडे अजूनही बिने-कामत वापरतात. कामतांनी ती १९३० च्या दशकात कानडी आणि मराठी मुलांवर बसवली होती, आणि तेव्हाच्या काळात ते मोठंच काम होतं. पण त्या काळच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना केली की गुण फुगून येतात, कारण पिढ्यांगणिक सरासरी वर सरकत गेली आहे. बऱ्याच देशांत दर दशकाला तीनेक गुणांनी. नागपूरच्या मालिन यांनी वेक्स्लरच्या मुलांच्या चाचणीचं केलेलं भारतीय रूपही जुनंच. म्हणून कुणी तुझ्या धाकट्या भावाचा १३० सांगितला तर "चाचणी कुठली, प्रमाणकं (म्हणजे तुलनेचे आकडे) कधीची?" हे विचार.

अहवालात एकच आकडा लिहून दिला तर परत कर. "११८, म्हणजे ९५ टक्के खात्रीनं ११२ ते १२४" असं लिहिलेलं असायला हवं. चाचणीसुद्धा सहा गुण इकडेतिकडे होते, पण तो पट्टा बाराचा आहे, तुझ्या तीन धाग्यांसारखा अठ्ठेचाळीसचा नाही. उपघटकांचे वेगळे गुणही माग. त्या सातवीतल्या मुलाचा नुसता एकूण आकडा काढला असता तर त्यात ठोकळेही बुडाले असते आणि वाचनाचा घोळही.

चाचणी का हवीय, हेही ते तुला आधी विचारतील. "मित्रांना दाखवायला" हे उत्तर चालतं, मी आजवर त्यासाठी कुणाला परत पाठवलेलं नाही. फक्त आदल्या आठवड्यात नेटवर "आयक्यू प्रॅक्टिस" करत बसू नकोस, आलेला आकडा मग सरावाचा असतो. रात्री झोप काढ, नाश्ता करून ये. आणि चष्मा असेल तर आण. दर महिन्याला कुणीतरी तो घरी विसरतं, आणि मग आम्ही दोघं मिळून शेजारच्या कारकुनाचा घालून बघतो.